नवा क्लॅम घरी आला की टाकीत कसा सोडायचा (एक मारून शिकलेल्याकडून)

माझा पहिला क्लॅम, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळतात तो मोठा रंगीत शिंपला, अकरा दिवसांत गेला. पाणी बरोबर होतं, लाईट बरोबर होती, टेस्ट किटचे आकडे रोज वहीत लिहीत होतो, आणि तरी गेला, कारण तो ज्या दगडाच्या तुकड्याला चिकटून आला होता त्यावरून मी त्याला ओढून काढला. जोरात नाही हां, अगदी हळू, देवघरातली मूर्ती उचलावी तसा, पण ओढलाच. का गेला ते मला नंतर पंधरा दिवसांनी कळलं. ते पायरी ६ मध्ये सांगतो, पण ज्यांना घाई आहे त्यांनी सगळं सोडून आधी तेवढंच वाचा.

मी फोंड्याला राहतो, चार बाय दोन बाय दोन फुटांची टाकी आहे, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), वर एलईडी. दुसरा क्लॅम आणला तेव्हा शेजारच्या काकूंनी बघून विचारलं, "कितें रे हें, व्हडली तिसरी?" (काय रे हे, मोठी तिसरी? तिसरी म्हणजे आपली खायची शिंपली) आणि एवढ्याचं सुकं किती जणांना पुरेल याचा हिशोबसुद्धा करून टाकला. गोव्यात हा प्रश्न येणारच. तर फरक एवढाच की आपली तिसरी वाळूत पुरून घेते आणि पाणी गाळून खाते, आणि हा ट्रायडॅक्ना, म्हणजे जायंट क्लॅम, उघडा बसून आपलं रंगीत मांस, म्हणजे मॅन्टल, लाईटकडे पसरतो. त्या मॅन्टलमध्ये बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि क्लॅम मुख्यतः त्याच्यावर जगतो. म्हणून याला खायला घालण्यापेक्षा लाईट आणि स्थिर पाणी जास्त महत्त्वाचं.

१. आधी कागद, मग क्लॅम

हे कंटाळवाणं आहे, माहीत आहे, पण वगळू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, ट्रायडॅक्ना स्क्वामोसा आणि हिप्पोपस हिप्पोपस ही तीन नावं आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. म्हणजे हे तिन्ही विकत घ्यायचे नाहीत, कोणी फुकट देतो म्हणाला तरी घ्यायचे नाहीत. बाकीचे जायंट क्लॅमसुद्धा साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये येतात, त्यामुळे बाहेरच्या देशातून आणताना तिथल्या सरकारचं एक्स्पोर्ट परमिट लागतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतला जिवंत प्राणी घरात असेल तर सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते.

माझा आहे तो ट्रायडॅक्ना डेरासा, फार्ममध्ये वाढवलेला. पलाऊ, मार्शल आयलंड्स, ऑस्ट्रेलिया असे याचे फार्म आहेत. जायंट क्लॅममध्ये डेरासा सगळ्यात काटक समजला जातो, त्याला लाईटही थोडी कमी चालते, म्हणून नवख्याने सुरुवात यानेच करावी असं माझं मत. फक्त हा मोठा होतो, समुद्रात दोन फुटांपर्यंत जातो, तेव्हा दोन फुटी टाकीवाल्यांनी आत्ताच विचार करा.

घेताना हे हातात असायला हवं:

- बिल, त्यावर पूर्ण शास्त्रीय नाव. नुसतं "मरीन क्लॅम १ नग" चालणार नाही.
- साइट्स परमिटची कॉपी. त्यात सोर्सचा एक कोड असतो: सी किंवा एफ म्हणजे बंदिस्त वाढवलेला, डब्ल्यू म्हणजे समुद्रातून उचललेला. डब्ल्यू दिसलं की नको म्हणा.
- आयातीची कागदपत्रं, निदान त्यांची कॉपी.
- आलेल्या दिवशी तुम्ही काढलेले फोटो, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. नोंदीला उपयोगी, आणि वाढ मोजायलाही.

एक ट्रॅप सांगतो. मला एकाने फोनवर सांगितलं होतं की "हा अंदमानचा आहे, लोकल माल, याला परमिट लागतच नाही." अहो उलटंच आहे, आपल्या समुद्रातलाच तर आधी संरक्षित. "पेपर मागाहून पाठवतो" हाही त्याचाच भाऊ. शंका असेल तर पैसे देण्याआधी वनखात्याच्या ऑफिसात जाऊन विचारा, अर्धा दिवस जातो, जाऊ दे.

आणि हो, ग्रँड आयलंडला स्नॉर्कलिंगला गेलात तर तिथून दगड, कोरल काही उचलून आणू नका, कोरलसुद्धा अनुसूची १ मध्येच आहे. माझ्या टाकीत सगळा ड्राय रॉक आहे.

२. टाकी खरंच तयार आहे का

सहा महिने झाले नसतील तर थांबा. मी तर वर्ष म्हणेन. नवीन टाकीत आकडे आज एक, उद्या दुसरा असं चालतं, मासा ते सोसतो, क्लॅम नाही सोसत.

माझ्या वहीतले आकडे असे: सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५ ते १.०२६, तापमान २५ ते २७ डिग्री, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५०. क्लॅम शिंपला बांधतो म्हणजे कॅल्शियम आणि अल्कलिनिटी तो खाणारच, त्यामुळे आधीपासून डोसिंगची, म्हणजे ते मोजून पाण्यात घालायची, सवय हवी. नायट्रेट शून्य नको! हे लोकांना पटत नाही. आपण महिनोन्महिने नायट्रेट खाली आणायला धडपडतो आणि इथे क्लॅमच्या आतल्या शेवाळाला थोडं नायट्रेट लागतं, २ ते १० पीपीएम छान.

रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचा) ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्युशनने सेट करा, आरओच्या पाण्याने नाही. माझा आरओवर शून्य बरोबर दाखवायचा आणि वर दोन पॉइंट खोटं बोलायचा, सहा महिने मी तसाच चालवला.

कॉपर. टाकीत कधीही कॉपरचं औषध टाकलं असेल तर त्या टाकीत क्लॅम नको, दगडात आणि वाळूत कॉपर बसून राहतं आणि हळूहळू सुटतं.

मासे कोण आहेत ते बघा. एंजल, बटरफ्लाय, ट्रिगर, पफर हे मॅन्टल टोचतात. बटू एंजल "माझा शहाणा आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतील, त्यांचा शहाणा असेलही. क्लाउन, गोबी, रास (wrasse) माशांपैकी सिक्स लाइन किंवा मेलानुरस चालतात, हे दोन तर उपयोगाचे आहेत, का ते पुढे येईल.

पाण्याबद्दल गोव्यातल्या लोकांसाठी दोन गोष्टी. एक, आमच्याकडे ओपाचं नळाचं पाणी टीडीएस मीटरवर इतकं कमी दाखवतं की वाटतं आरओ कशाला. त्यात क्लोरीन असतं, पाइपातलं काय काय असतं, आरओ डीआय (आरओ आणि उरलेले क्षार काढणारा फिल्टर) लागतोच. दोन, "समुद्र दाराशी आहे, मीठ कशाला विकत घेता" असं म्हणणारा प्रत्येक घरात एक असतो, आमच्याकडे मेहुणा. जुलैमध्ये मिरामारला बाटली भरून घरी मोजली तर १.०१२! मांडवी पावसाळ्यात अख्खा घाट उतरवून आणते, वर लाल गाळ. मीठ विकतच घ्या, आणि बादली उघडी ठेवू नका, जूनच्या हवेत त्या मिठाचा दगड होतो.

३. ऑर्डर कधी द्यायची

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी. बस.

एप्रिल-मे मध्ये बॉक्स गाडीत अर्धा तास राहिला तरी शिजतो. पावसाळ्यात लाईट जाते, विमान लेट होतं, आणि अजून एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती: पाण्यावर लावलेला पंखा पावसाळ्यात काम करत नाही. उन्हाळ्यात तोच पंखा दोन-तीन डिग्री खाली आणतो कारण पाणी उडतं, जुलैमध्ये हवाच इतकी ओली की उडणार कुठे, पंखा आपला फिरतोय आणि थर्मामीटर २९ वर. चिलर असेल तर गोष्ट वेगळी.

गणेश चवथीच्या आधी महिनाभर तर अजिबात मागवू नका. सगळे मूळ घरी जाणार, पाच दिवस, सात दिवस, टाकी कोण बघणार? आणि त्याआधी घराला रंग लावणार, त्याचा वास एअर पंप आत ओढणार. डासांच्या स्प्रेचंही तेच, पंप चालू असताना त्या खोलीत मारू नका.

आठवड्यात मंगळवार-बुधवारी बॉक्स येईल असं बघा. शनिवारी अडकला तर सोमवारपर्यंत कार्गोत कोणी फोन उचलत नाही.

माझा मुंबईहून विमानाने दाबोळीला आला. रात्रीच्या बसने पण लोक मागवतात, स्वस्त पडतं, मी नाही मागवणार, डिकीत सामानाच्या खाली बॉक्स कसा असेल याची मला रात्रभर झोप लागणार नाही. दाबोळीहून फोंडा म्हणजे बोरीचा पूल, आणि बोरीच्या पुलावर एक ट्रक बंद पडला की सगळा हिशोब चुकतो, तेव्हा गाडीत एसी चालू ठेवा आणि बॉक्स सीटवर ठेवून बेल्ट लावा. डिकीत नाही. उत्तर गोव्यातल्यांना मोपा विमानतळ जवळ.

४. सामान आधी काढून ठेवा

बॉक्स आल्यावर शोधाशोध नको. टेबलावर एका रांगेत:

- दोन स्वच्छ बादल्या, कधी साबण न लागलेल्या. मी दहा लिटरच्या घेतल्या, झाकणावर "टाकी" असं मार्करने लिहिलंय, नाहीतर लादी पुसायला जातात.
- रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर
- एअरलाइन ट्यूब आणि तिला गाठ मारायला किंवा छोटा व्हॉल्व्ह
- एअर पंप, शक्य असेल तर बॅटरीवर चालणारा. फोंड्यात तिस्कावर मासेमारीच्या सामानात स्वस्तात मिळतो.
- छोटा हीटर
- नवीन ब्लेड किंवा टोकदार छोटी कात्री
- मऊ टूथब्रश, नवा
- टॉर्च, आणि जवळचं दिसत नसेल तर भिंग
- पाच लिटर तरी आरओ पाणी आणि मिसळून ठेवलेलं ताजं मिठाचं पाणी वीस लिटर
- एक सपाट दगड किंवा शिंपी. मी कालवांची मोठी शिंपी वापरली, उकळून, घासून, आठवडाभर उन्हात वाळवून. क्लॅम तिच्यावर चिकटतो आणि पुढे हलवायचा झाला तर शिंपीसकट उचलता येतो. ही युक्ती माझ्या पहिल्या क्लॅमच्या वेळी मला माहीत असती तर.

टाकीची लाईट बंद करून ठेवा, खोलीत नुसता ट्यूबचा उजेड.

५. बॉक्स उघडणं आणि पाणी जुळवणं

थर्मोकोल उघडला की बॅग फाडू नका. हा सगळ्यात मोठा उतावीळपणा. प्रवासात क्लॅम श्वास घेतो, बॅगेत कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो, आणि पीएच खाली असताना त्याने पाण्यात सोडलेला अमोनिया फार त्रास देत नाही. बॅग उघडली की तो वायू उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणजे बॅग बंद आहे तोवर वेळ तुमच्या बाजूने, उघडली की घड्याळ सुरू.

म्हणून: बंद बॅग टाकीत किंवा संपमध्ये वीस मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळेल. तेवढ्यात चहा प्या, खरंच प्या, हात थरथरत असतात.

मग बॅग उघडून सगळ्यात आधी सॅलिनिटी मोजा. इथून दोन रस्ते.

टाकीच्या आणि बॅगेच्या आकड्यात ०.००२ पर्यंतच फरक असेल तर क्लॅम बॅगेतल्या पाण्यासकट बादलीत घ्या, टाकीतून ट्यूब लावून सेकंदाला दोन-तीन थेंब सोडा, अर्ध्या तासात पाणी दुप्पट झालं की पुरे. तीन-तीन तास ड्रिप करायचं म्हणून व्हिडिओत सांगतात, ते स्वतः त्या पाण्यात बसत नाहीत.

फरक जास्त असेल, तर बॅगेच्या पाण्यात ताटकळत ठेवण्यापेक्षा बॅगेच्या सॅलिनिटीचं स्वच्छ पाणी बनवा आणि क्लॅम सरळ त्यात घाला. माझी बॅग १.०२२ निघाली आणि टाकी १.०२६. साडेआठ लिटर टाकीचं पाणी अधिक दीड लिटर आरओ, बरोबर १.०२२ आलं. त्या बादलीत हीटर आणि एअर स्टोन सोडला, क्लॅम त्यात ठेवला, आणि मग निवांत अडीच तास टाकीचं पाणी ठिबकवत राहिलो, बादली भरली की अर्धी उपसायची आणि परत. आता घाई नाही कारण पाणी स्वच्छ आहे. क्लॅमला सॅलिनिटीचा झटका सोसत नाही, तापमानाचा थोडा सोसतो, हा क्रम लक्षात ठेवा.

बॅगेतलं पाणी टाकीत एक कपसुद्धा जाऊ देऊ नका. नाल्यात.

६. उचलणं, धागे, आणि माझी चूक

क्लॅमच्या तळाला, बिजागरीच्या बाजूला, शिंपल्यात एक फट असते. तिथून त्याचा पाय बाहेर येतो आणि पायातून धागे निघतात, बायसल म्हणतात त्यांना, आणि त्या धाग्यांनी तो दगडाला चिकटतो. आपल्या शिणाण्यांना (मसल्सना) जशी दाढी असते तसलंच हे. फरक असा की शिणाणे साफ करताना आपण ती दाढी खेचून काढतो आणि लगेच कढईत टाकतो, त्यामुळे पुढे त्याचं काय होतं हा प्रश्न येत नाही. क्लॅमचे धागे खेचले तर आतली ग्रंथी फाटते. बाहेरून काहीच दिसत नाही. पहिले चार-पाच दिवस मॅन्टल छान उघडत होतं, मी फोटो टाकत होतो, सगळे वा वा करत होते. मग ते अर्धंच उघडायला लागलं, मग एका बाजूने दुमडलं, आणि अकराव्या दिवशी सकाळी शिंपला वासून पडला होता.

तेव्हा: क्लॅम बॅगेला किंवा दगडाला चिकटून आला असेल तर ओढायचा नाही. कापायचा. ब्लेड दगडाला घासून, धाग्यांच्या खालच्या टोकाला, क्लॅमपासून जेवढं लांब जमेल तेवढं. बॅगेला चिकटला असेल तर बॅगेचाच तेवढा तुकडा कात्रीने कापून घ्या, राहू दे चिकटलेला, काही बिघडत नाही. छोट्या दगडाला असेल तर दगडासकट ठेवा, हे सगळ्यात बरं.

उचलण्याआधी वरून हात फिरवून सावली पाडा, तो मिटेल. मिटला तर तब्येत बरी आहे हेही कळलं. मग दोन्ही शिंपले खालून ओंजळीत धरून उचला, मॅन्टलला बोट नको.

७. तांदळाएवढ्या गोगलगायी

आता टॉर्च आणि भिंग. शिंपल्याच्या कडेला, खवल्यांच्या खाली आणि मुख्य म्हणजे तळाच्या त्या फटीभोवती बघा. पांढऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून बारीक गोगलगायी दिसल्या तर त्या पिरॅमिडेलिड. त्या क्लॅमच्या मांसात सोंड घालून रस पितात, दोन-चार असल्या तर कळत नाही, शंभर झाल्या की क्लॅम संपतो. त्यांची अंडी म्हणजे शिंपल्यावर जेलीसारखा पारदर्शक ठिपका.

वेगळ्या बादलीत, टाकीच्या पाण्यात धरून टूथब्रशने सगळा शिंपला घासा, फटीजवळ सांभाळून. सापडल्या नाहीत तरी घासा. एकदा घासून संपत नाही, पुढचे पाच-सहा आठवडे आठवड्यातून एकदा, लाईट बंद झाल्यावर दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा, या रात्रीच्या बाहेर येतात. मघाशी सांगितलेले सिक्स लाइन आणि मेलानुरस यांना खातात, पण माशाच्या भरवशावर ब्रश सोडू नका.

क्वारंटाइन टाकी असेल आणि तिला रीफची लाईट असेल तर उत्तम. माझ्याकडे नाही, बहुतेकांकडे नसते. ज्या क्वारंटाइनमध्ये माशांना कॉपर दिलंय तिथे मात्र चुकूनही नको.

८. टाकीत ठेवणं

पाण्याबाहेर काढला की शिंपल्यात हवा शिरते. सरळ खाली नेऊन ठेवला तर बुडबुडा मॅन्टलखाली अडकतो. पाण्यात नेल्यावर हळूच एका बाजूला कलंडवा, मग दुसऱ्या, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. माझ्या वेळी एक मोठा बुडबुडा आला आणि नंतर पाच-सहा बारीक, मग काही नाही.

जागा: डेरासा खाली वाळूवर, शिंपीवर बसवून. बिजागरी आणि फट खाली, उघडणारी बाजू वर. हे सांगावं लागू नये पण एकाने मला फोटो पाठवला होता, उलटा ठेवला होता, म्हणून सांगतो. वेव्हमेकरचा झोत थेट त्याच्यावर नको, मॅन्टल हलकं झुलावं एवढाच फ्लो. एप्टेशिया (टाकीत आपोआप वाढणारा डंख मारणारा छोटा एनिमोन) किंवा दुसरा एनिमोन जवळ नको.

पहिल्या रात्री तो हलणार. उडी मारल्यासारखा फिरतो, कधी आडवा पडतो. तोंडावर पडला तर सरळ करा, नुसता थोडा वळला असेल तर वळू दे. माझा सकाळी शिंपीवरून उतरून दोन इंच लांब वाळूत बसला होता, मी परत शिंपीवर ठेवला, तो परत उतरला, तिसऱ्या दिवशी मी शिंपीच तिकडे सरकवली. मग बसला.

९. लाईट हळूहळू

बॉक्समध्ये दोन-तीन दिवस अंधारात होता, त्याला एकदम शंभर टक्के एलईडीखाली टाकलं तर मॅन्टल पांढरं पडायला लागतं. मी ४० टक्क्यांवर सुरुवात केली आणि दर तीन-चार दिवसांनी ५ टक्के वाढवली. पार मीटर (PAR, उजेड मोजायचा) कोणाकडून उसना मिळाला तर सुरुवात शंभरच्या आसपास आणि महिन्याभरात दोनशेपर्यंत. मीटर नसेल तर मॅन्टल बघा. फार ताणून, लोंबल्यासारखं पसरलं असेल तर लाईट कमी पडतेय. पांढरे डाग, आखडलेलं असेल तर जास्त होतेय.

फायटोप्लँक्टनच्या बाटल्या विकणारे तुमच्या मागे लागतील. दोन इंचाच्या वरच्या क्लॅमला लाईट बरोबर असेल आणि टाकीत मासे खातपीत असतील तर ती बाटली लागत नाही. त्याहून छोटा क्लॅम घेऊच नका, तीन-चार इंचाचा घ्या.

१०. पहिले पंधरा दिवस काय बघायचं

पहिल्या दिवशी उघडला नाही तर घाबरू नका. माझा संध्याकाळी पाचला आत गेला आणि रात्री नऊ चाळीसला, घरचे जेवून उठले तेव्हा, कडेने नुसती हिरवी रेघ दिसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्धं मॅन्टल बाहेर. काहींना तीन दिवस लागतात.

चांगली लक्षणं: मॅन्टल शिंपल्याच्या कडेबाहेर, सावली पडली की झटकन आत.

वाईट लक्षणं: सावलीला हलतच नाही. वरची ती लांब फट, ज्यातून तो पाणी आत घेतो, ती वासून राहिली आहे आणि आतलं सगळं दिसतंय. मॅन्टलची कड एका जागी चिमटा काढल्यासारखी आत ओढलेली. हे चिमट्याचं दुखणं ओळखीचं आहे, त्यावर लोक तापमान आणि पीएच जुळवलेल्या आरओ पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवतात, पण नुकत्याच आलेल्या, थकलेल्या क्लॅमला पहिल्याच दिवशी हे करू नका, आधी मासे टोचत नाहीत ना, फ्लो थेट लागत नाही ना, खाली गोगलगायी नाहीत ना ते बघा. बहुतेक वेळा त्यातलंच काहीतरी निघतं.

अल्कलिनिटी एक दिवसाआड मोजा. आणि मोजलेलं पाहून दर वेळी काहीतरी ओतायला जाऊ नका, आकडा ७.८ आला म्हणून लगेच ९ वर नेणारे हात मी बघितलेत, माझेच.

गेलाच, तर लगेच काढा. रात्रभर ठेवायचा नाही, मेलेला क्लॅम तासाभरात पाणी घाण करायला लागतो. ओळखायचं असं की शिंपला पूर्ण वासलेला, बोट लावलं तरी मिटत नाही, आणि वास, तो कळतोच, आपण कोकणातली माणसं. काढून पाणी बदला, फिल्टरमध्ये पाणी साफ करणारा कार्बन लावा. म्हणून ते वीस लिटर मिठाचं पाणी तयार ठेवायला सांगितलं होतं. परिवेशवरची नोंदही कळवून अपडेट करा.

जगला, तर साधारण महिना-दीड महिन्याने शिंपल्याच्या वरच्या काठाला एक पांढरी स्वच्छ कड दिसेल, जुन्या मळकट भागापेक्षा वेगळी. ती नवी वाढ. ती दिसली की दिवसातून दहा वेळा टाकीवर वाकून बघणं थांबवा, तुमची सावली पडते आणि तो बिचारा दर वेळी मिटतो.